घोकणे, उजळणे आणि वापरणे : महाराष्ट्रातील इंग्रजी शब्दाभ्यासाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

परभाषेच्या अध्यापनाविषयी लिहिताना व्याकरण आणि उच्चार यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु विद्यार्थ्याची अडचण बहुधा शब्दापाशी सुरू होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणाऱ्या प्राध्यापकांना एक अनुभव नित्य येतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारा विद्यार्थी शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. शेकडो शब्दांचे अर्थ त्याने वहीत उतरवून घेतलेले असतात, परीक्षेपुरते ते पाठही केलेले असतात. तरीही एखादे साधे वाक्य बोलावयाची वेळ आली की हवा तो शब्द त्याच्या ओठावर येत नाही. या स्थितीचे खापर सामान्यतः 'घोकंपट्टी'वर फोडले जाते. विद्यार्थ्याने समजून न घेता पाठ केले, म्हणून तो विसरला, असा निवाडा आपण सहज देतो.

हा निवाडा ऐतिहासिकदृष्ट्या कितपत टिकतो, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून महाराष्ट्रात इंग्रजी शब्द कसे शिकले गेले, ते लक्षात ठेवण्यासाठी कोणती साधने वापरली गेली आणि त्या साधनांत कालांतराने काय बदलले, याचा मागोवा घेतला असता वेगळे चित्र समोर येते. पाठांतर हा दोष नव्हता. पाठांतराला जोडलेल्या दोन गोष्टी, म्हणजे ठरावीक अंतराने होणारी उजळणी आणि कोणापुढे तरी शब्द वापरून दाखविण्याची सक्ती, हळूहळू गळून पडल्या. उरले ते केवळ घोकणे. हे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. इंग्रजीपूर्व परंपरा : संथा, पाठ आणि परवचा

इंग्रजी येण्यापूर्वी महाराष्ट्रात शब्द लक्षात ठेवण्याची स्वतंत्र पद्धती नव्हती, असे मानणे चुकीचे ठरेल. संस्कृत पाठशाळेतील विद्यार्थी अमरकोश पाठ करीत असे. हा कोश अकारविल्हे रचलेला नाही. तो तीन कांडांत विभागलेला असून त्यातील शब्द विषयवार वर्गांत येतात आणि बहुतांशी अनुष्टुभ छंदात बांधलेले आहेत. त्यामुळे एक शब्द आठवला की त्याच्या शेजारचे समानार्थी शब्द छंदाच्या ओघात आपोआप पुढे येत. शब्द एकटा लक्षात ठेवावयाचा नसून त्याच्या सोबत्यांसह ठेवावयाचा, हे तत्त्व या रचनेतच होते.

हीच पद्धती राज्यकारभाराच्या भाषेसाठीही उपयोगात आणली गेली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेला 'राज्यव्यवहारकोश' हे त्याचे ठळक उदाहरण होय. कारभारात रूढ झालेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोशही पद्यबद्ध असून तो दहा वर्गांत विभागलेला आहे. नवे शब्द रूढ करावयाचे असतील तर ते पाठ होण्याजोगे असले पाहिजेत, ही जाणीव त्यामागे स्पष्टपणे दिसते.

गावोगावच्या पंतोजींच्या शाळेत कोश नव्हते. परंतु स्मरणाची शिस्त होती. पाढे, पावकी, निमकी, सवाईकी, दिडकी इत्यादी सर्व मुले एका सुरात म्हणत. सायंकाळी घरी परवचा होई. वडीलधारे माणूस समोर बसून ऐके आणि चुकलेल्या ठिकाणी थांबवी. या संदर्भात मराठीतील शब्दच बोलके आहेत. गुरूने म्हणून दाखविलेला आणि शिष्याने त्यामागून म्हटलेला पाठ म्हणजे 'संथा'. पाठ झालेल्या मजकुरासाठी 'तोंडपाठ', 'मुखोद्गत', 'कंठस्थ' असे शब्द आहेत. 'उजळणी' हा शब्द तर 'उजळणे' या क्रियापदापासून आलेला आहे. घासले नाही तर भांडे काळवंडते, तसे पाठ केलेलेही काळवंडते आणि ते पुन्हा उजळावे लागते, हे ज्ञान भाषेनेच जतन केले आहे.

अर्थात या परंपरेचे उदात्तीकरण करता येणार नाही. संस्कृत पाठशाळेचे दार बहुसंख्य समाजाला बंद होते. पंतोजींच्या शाळेत येणारी मुलेही मुख्यतः ब्राह्मण, व्यापारी व कारकुनी करणाऱ्या घरांतील असत. स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र समाज या शिक्षणापासून दूर ठेवला गेला होता. हा मुद्दा पुढील विवेचनात पुन्हा महत्त्वाचा ठरतो.

२. कोशांचा काळ : १८२२ ते १८५७

मुंबई इलाख्यात पद्धतशीर शिक्षणाला आरंभ झाला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना. १८२२ मध्ये स्थापन झालेली आणि १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाणारी संस्था शाळा चालवी व पाठ्यपुस्तके तयार करवून घेई. सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांच्यासारखे विद्वान या संस्थेत काम करीत होते. त्यांनी इंग्रजीवरून केलेल्या 'बाळमित्र' व 'इसापनीती' यांसारख्या भाषांतरांमागे इंग्रजी शब्दाला मराठी शब्द शोधण्याची अखंड धडपड होती. भाषांतर हेच त्या पिढीचे शब्दशिक्षण होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

या धडपडीला आधार देणारे कोश मात्र प्रारंभी उलट्या दिशेने तयार झाले. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा १८३१ चा प्रसिद्ध कोश मराठी-इंग्रजी होता. मराठी पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झालेला हा कोश मराठी भाषेचे अमोल धन आहे. त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. तथापि त्याचा तत्कालीन उपयोग मुख्यतः मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला आणि मिशनऱ्याला होता. इंग्रजी ग्रंथ वाचताना अडणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हवा होता तो इंग्रजी-मराठी कोश. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि टॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला असा बृहद् कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील अध्यापन तर १८३० च्या दशकातच सुरू झाले होते. म्हणजे मधली कित्येक वर्षे विद्यार्थ्याजवळ हाताशी धरण्याजोगा मोठा कोश नव्हता. शिक्षकाच्या तोंडून ऐकलेला अर्थ आणि स्वतः केलेले टिपण यांवरच त्याची भिस्त असणार, हे उघड आहे.

या उणिवेच्या पार्श्वभूमीवर 'दर्पण'चे महत्त्व विशेष जाणवते. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले हे पत्र द्विभाषी होते. पानावर दोन स्तंभ असत, एकात इंग्रजी मजकूर आणि दुसऱ्यात मराठी. मराठी पत्रकारितेचा आरंभ म्हणून आपण 'दर्पण'चा गौरव करतो, परंतु इंग्रजी शिकू पाहणाऱ्या वाचकासाठी तो शब्दाभ्यासाचा एक नियतकालिक पाठही होता. इंग्रजी शब्द एका वाक्यात, एका वृत्तात, ओळखीच्या घटनेच्या संदर्भात भेटे. त्याचा मराठी पर्याय शेजारीच असे आणि पुढील अंकांत तो शब्द पुन्हा भेटण्याची शक्यता असे. सुटा शब्द आणि सुटा अर्थ यांपेक्षा हा मार्ग मूलतः वेगळा होता.

३. परीक्षा आणि अर्थांची वही

१८५४ चा वुड यांचा खलिता, १८५५ मध्ये स्थापन झालेले शिक्षणखाते आणि १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ या तीन घटनांनी शब्दाभ्यासाचे स्वरूप बदलले. १८५९ मध्ये विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले. या पिढीची इंग्रजीवरील पकड निर्विवाद होती. त्यांच्यानंतर मात्र परीक्षार्थींची संख्या वाढत गेली आणि मॅट्रिक ही सरकारी नोकरीच्या दाराची किल्ली बनली.

परीक्षेसाठी पुस्तके नेमलेली असत. नेमलेल्या पुस्तकातील कठीण शब्द, त्यांचे इंग्रजी समानार्थी शब्द आणि मराठी अर्थ यांची टिपणे छापून मिळू लागली. जी छापील नव्हती ती वर्गात उतरवून घेतली जाऊ लागली. अर्थांची वही ही संस्था येथे जन्मास आली. वरवर पाहता ती अमरकोशाची वारस वाटते, कारण दोन्हींत पाठांतर आहे. परंतु बारकाईने पाहिल्यास तीन भेद लक्षात येतात. अमरकोशातील शब्द अर्थाच्या नात्याने एकत्र येतात, तर वहीतील शब्द केवळ एका धड्यात आले म्हणून शेजारी बसतात. कोशाला छंदाचा आधार आहे, वहीला कसलाच नाही. तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. कोश आयुष्यभर उजळला जाई. वहीचे प्रयोजन परीक्षेच्या दिवशी संपे.

१९०२ मध्ये टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भारतीय विद्यापीठ आयोगाने अध्यापन परीक्षेच्या अधीन झाले आहे, हा येथील उच्च शिक्षणाचा सर्वांत मोठा दोष असल्याचे नमूद केले. हे निदान नेमके होते. मात्र तत्कालीन टीकेत आणखी एक सूर मिसळलेला होता. येथील विद्यार्थ्याची स्मरणशक्ती दांडगी, पण विचारशक्ती बेताची, असा तो सूर होय. परीक्षापद्धतीचा दोष त्यामुळे विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या परंपरेच्या माथी आला. 'घोकंपट्टी' हा शब्द आपण आजही ज्या तुच्छतेने उच्चारतो, तीत या सुराचा वारसा काही अंशी आहे, असे म्हणता येईल.

४. वापरातून टिकलेला शब्द

परीक्षेच्या चाकोरीबाहेर ज्यांनी इंग्रजी आत्मसात केली, त्यांची उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत. आनंदीबाई जोशी यांचे औपचारिक शालेय शिक्षण अल्प होते. पती गोपाळराव यांनी त्यांना शिकविले. १८८० पासून त्यांचा अमेरिकेतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी इंग्रजीतून पत्रव्यवहार सुरू झाला. पत्र लिहावयाचे म्हणजे शिकलेला शब्द आठवावयाचा, तो वाक्यात बसवावयाचा आणि उत्तर आले की समोरच्या व्यक्तीने तो कसा वापरला आहे, हे पाहावयाचे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथे, आपण अमेरिकेस का जात आहोत, याविषयी त्यांनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी संपादन केली.

रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या आत्मकथनात घरातील स्त्रियांचा विरोध सोसून इंग्रजी शिकण्याची हकीकत आली आहे. या दोन्ही उदाहरणांत एक समान घटक आहे. शिकणारीच्या समोर एक ऐकणारा, वाचणारा, उत्तराची वाट पाहणारा माणूस आहे. शब्द परत मागणारे कोणी असले म्हणजे शब्द टिकतो.

सर्वसामान्य विद्यार्थ्यासाठी हे काम काही प्रमाणात तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेने केले. विसाव्या शतकातील अनेक पिढ्या या पाठमालेवर पोसल्या गेल्या. तिच्या वाक्यांतील कृत्रिमपणाची थट्टा झाली, 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्दप्रयोगही रूढ झाला. परंतु तिच्या रचनेकडे थट्टेपलीकडे जाऊन पाहिले पाहिजे. थोडे शब्द, एखादा नियम, लगेच त्या शब्दांची वाक्ये आणि भाषांतर दोन्ही दिशांनी, असा तिचा क्रम आहे. इंग्रजी शब्दावरून मराठी अर्थ ओळखणे सोपे असते, मराठी वाक्यावरून इंग्रजी शब्द आठवणे कठीण असते. अर्थांची वही केवळ सोपे काम करून घेते. पाठमाला दुसरे, कठीण कामही करून घेत असे. शिवाय भाषांतराची वही कोणीतरी तपासावी लागे.

५. विस्मृतीचे मोजमाप

आपल्या परंपरेने जे अनुभवाने जाणले होते, ते युरोपात प्रयोगाने मोजले गेले. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरगट पाठ करून आपण किती वेळात किती विसरतो, याच्या नोंदी त्यांनी स्वतःवरच केल्या. विस्मरण आरंभी फार वेगाने होते आणि नंतर मंदावते, हे त्यांनी दाखविले. त्यांचा आणखी एक निष्कर्ष आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. बारा अक्षरगटांची मालिका आदल्या दिवशी सलग ६८ वेळा म्हटल्याने जो परिणाम साधला, तोच परिणाम तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधला. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण आणि रोजचा परवचा यांतील फरक याहून स्पष्टपणे मांडता येणार नाही.

शब्द किती आणि कोणते शिकवावेत, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार भारतात झाला तो महाराष्ट्राबाहेर, बंगालमध्ये. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील द्विभाषिकतेवरील आपले संशोधन १९२६ मध्ये मांडले. अनेक मुले मधेच शाळा सोडतात, हे लक्षात घेऊन त्यांनी विम्याच्या व्यवहारातील 'सरेंडर व्हॅल्यू' ही कल्पना शिक्षणाला लावली. विद्यार्थी कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडला तरी त्याच्या पदरी काही उपयुक्त इंग्रजी पडले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून वाचनपाठांत नवे शब्द मोजके असावेत आणि एकदा आलेला शब्द पुन्हा पुन्हा यावा, अशी रचना त्यांनी केली. त्यांनी संपादित केलेली सुमारे २,००० उपयुक्त शब्दांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांवर तिचा प्रभाव पडला.

अलीकडील संशोधनाने यात आणखी एक भर घातली आहे. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह शिकविले. एकदा आठवलेला शब्दही ज्यांना पुन्हा पुन्हा आठवून सांगावा लागला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. एकदा आठवलेला शब्द ज्यांना पुन्हा विचारला गेला नाही, त्यांचे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास राहिले, जरी ते शब्द त्यांनी पुन्हा वाचले होते तरी. पुन्हा वाचणे आणि पुन्हा आठवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. 'पाठ केला' आणि 'म्हणून दाखविला' असा भेद मराठी घरात पूर्वीपासून केला जात होता, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

६. ऐकणारा कोठे आहे ?

वरील विवेचनावरून एक सामाजिक प्रश्न उभा राहतो. परवचा घरी होत असे आणि ऐकणारे माणूस घरातच असे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख होती, त्या घरांतील मुलाने इंग्रजी शब्द शाळेत घोकले, तरी त्याची उजळणी घेणारे कोणीतरी घरी होते. ज्या समाजाला शिक्षण प्रथमच मिळत होते, त्यांच्या मुलाच्या हाती शाळेने वही दिली, पण ऐकणारा दिला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, शेतकऱ्यांच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणाचा लाभ मूठभर वरिष्ठ वर्गाला मिळतो, असे ठणकावून सांगितले होते. तो लाभ कोणत्या अदृश्य वाटांनी असमान होतो, याचे घरातील उजळणी हे एक लहान पण लक्षणीय उदाहरण आहे. एकच वही दोन घरांत दोन वेगळे परिणाम घडविते आणि कमी परिणाम झालेल्या मुलाला आपण 'घोकंपट्टी करणारा' म्हणतो.

विसाव्या शतकात हे अंतर पूर्णपणे मिटले नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ वरच्या इयत्तेपर्यंत पुढे ढकलला गेला. पुढे महाराष्ट्रात तो पाचवीपासून झाला आणि २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू करण्यात आले. इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावी, यावर भरपूर वाद झाला. शिकविलेला शब्द पुन्हा कधी आणि कोणापुढे येणार, यावर त्या मानाने फारच थोडा विचार झाला. दरम्यान वहीची जागा गाईडने घेतली. शब्द शोधण्याचे, अर्थ लिहून काढण्याचे उरलेसुरले कष्टही त्याने वाचविले आणि त्या कष्टांबरोबर स्मरणाची एक वाटही बंद झाली.

म्हणूनच या इतिहासाचा संबंध महाविद्यालयीन अध्यापनाशी थेट येतो. आपल्या वर्गांत आज मोठ्या संख्येने घराण्यातील पहिले पदवीधर बसलेले असतात. त्यांना अधिक लांब शब्दयादी देऊन काही साधणार नाही. सोपे न केलेले इंग्रजी लेखन विनासायास वाचण्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुलांची ओळख लागते, असा अंदाज पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडला आहे. एवढे शब्द कोणताही शिक्षक वर्गात शिकवू शकत नाही. ते वाचनातूनच येतात. वर्ग करू शकतो ते वेगळे काम आहे. आठवड्याला मोजके शब्द निवडावेत. ते पुस्तक मिटून आठवावयास लावावेत. दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात आणि पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे परत यावे. मराठी वाक्य सांगून इंग्रजी शब्द काढून घ्यावा. विद्यार्थ्यांनी जोडीने एकमेकांचे ऐकावे. यासाठी तासातील पाच-सात मिनिटे पुरतात. यात नवे काहीच नाही. ही संथा आहे, परवचा आहे, तर्खडकरांचे दुहेरी भाषांतर आहे. फरक इतकाच की ज्यांच्या घरी ऐकणारा नव्हता, त्यांच्यासाठी तो आता महाविद्यालयाने पुरवावयाचा आहे.

समारोप

महाराष्ट्रातील इंग्रजी शब्दाभ्यासाचा सुमारे दोन शतकांचा इतिहास पाहता असे दिसते की, पद्यबद्ध कोश, 'दर्पण'सारखे द्विभाषी पत्र, पत्रव्यवहार आणि भाषांतर-पाठमाला ही साधने परस्परांहून भिन्न असली तरी त्यांत एक सूत्र समान होते. शब्द सोबत्यांसह किंवा वाक्यात भेटत असे, अंतराअंतराने पुन्हा भेटत असे आणि कोणीतरी तो परत मागत असे. परीक्षाकेंद्रित व्यवस्थेने पाठांतर ठेवले, पण हे सूत्र तोडले. त्यामुळे विस्मरणाचा दोष पाठांतराच्या परंपरेवर ठेवणे हा इतिहासावर अन्याय आहे. आणि तो दोष पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यावर ठेवणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. तो विद्यार्थी घोकण्यात कमी पडलेला नाही. त्याचे म्हणणे बसून ऐकण्यात आपली व्यवस्था कमी पडली आहे.